कुदळ की घर? टांझानियातली १९६५ची निवडणूक आणि आपली लोकशाही

दार_मुक्काम

मोरोगोरोला आमच्या गोदामाला लागून एका निवृत्त शाळामास्तरांचं घर आहे. वय पंच्याऐंशीच्या मागेपुढे. सगळी गल्ली त्यांना ‘म्झे’ म्हणते. आपल्याकडच्या ‘आजोबा’ आणि ‘बुवा’ यांच्या अध्येमध्ये कुठेतरी बसेल असा हा शब्द. मागे एकदा दारहून, म्हणजे दार-ए-सलामहून, निघालेला ट्रक रस्त्यात बंद पडला आणि मला त्यांच्या ओसरीवर चार तास काढावे लागले. आल्याचा चहा, उकडलेला कसावा आणि रेडिओवर निवडणुकीनंतरच्या बातम्या. विचारायचं म्हणून विचारलं, पहिलं मत कधी दिलंत?

“पासष्ट साली. जेंबेला.”

जेंबे म्हणजे इकडची रुंद पात्याची कुदळ. उमेदवाराचं नाव विचारलं तर डोळे मिटून बराच वेळ बसले. नाव काही आठवलं नाही. “पण घरवाला पडला,” म्हणाले, “आणि तो आधीचा खासदार होता.”

हे कुदळ-घर प्रकरण मला ठाऊक नव्हतं. दारला परतल्यावर वाचत सुटलो, म्हणून हा धागा.

टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) हा संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त प्रदेश, कारभार ब्रिटिशांकडे. १९५८-५९ मध्ये त्यांनी पहिली निवडणूक घेतली. मताचा अधिकार मोजक्याच लोकांना, आणि मत द्यायची तऱ्हा वेगळीच. प्रत्येकाने तीन मतं द्यायची: एक आफ्रिकी उमेदवाराला, एक युरोपियनाला, एक आशियाईला. तिन्ही दिली नाहीत तर चिठ्ठी बाद. देशात गोरे मूठभर, आपले गुजराती-इस्माइली-गोवेकर त्यांच्या काही पट आणि बाकी अख्खा देश आफ्रिकी. जागा मात्र तिघांना सारख्या! बहिष्कार टाकायचा की लढायचं यावर टानू (टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन) या पक्षात टाबोरा गावी जानेवारी १९५८ मध्ये खडाजंगी झाली. पक्षाचे प्रमुख (पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष) जुलियस न्येरेरेंनी लढायचं ठरवून घेतलं, झुबेरी म्टेंवू पक्ष सोडून गेले. झालं काय, तर टानूचा हात डोक्यावर असल्याशिवाय गोरा किंवा आशियाई उमेदवारही निवडून येईना. साहेबाचा डाव साहेबावरच उलटला.

१९६०च्या निवडणुकीत टानूला ७१ पैकी ७० जागा मिळाल्या, त्यातल्या ५८ बिनविरोध. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर बहुतेक मतदारांच्या हातात मतपत्रिका पडलीच नाही. खासदार टानू ठरवणार, लोकांनी टाळ्या वाजवायच्या.

यावर न्येरेरेंनी काढलेला तोडगा मला चक्रावून टाकणारा वाटला. त्यांचं म्हणणं (१९६३ मध्ये त्यांनी ते लिहूनही काढलं) असं: इंग्लंडात दोन पक्ष आहेत कारण तिथे दोन वर्ग आहेत. आमच्यात ती फूट नाही, मग फुटबॉलच्या सामन्यासारखे दोन संघ मुद्दाम कशाला उभे करायचे? आमचे वडीलधारे झाडाखाली बसून एकमत होईपर्यंत बोलत राहतात, तीच आमची लोकशाही. पक्ष एकच ठेवा, पण त्याच्या आत लोकांना खरी निवड करू द्या.

म्हणून १९६५ मध्ये कायद्यानेच एक पक्ष, आणि प्रत्येक मतदारसंघात त्याच पक्षाचे दोन उमेदवार. पक्षाच्या जिल्हा अधिवेशनाने इच्छुकांची क्रमवारी लावायची, राष्ट्रीय कार्यकारिणीने त्यातून दोघे निवडायचे. एकाला चिन्ह कुदळ, दुसऱ्याला घर. सभा पक्षाच्या, दोघेही एकाच व्यासपीठावर. स्वतःचा पैसा खर्च करायचा नाही. जात-जमात, धर्म, वंश यावर बोलायचं नाही. भाषण स्वाहिलीतच. आणि कुठल्याही पुढाऱ्याने ‘हा माझा माणूस’ म्हणायचं नाही.

निकाल लागला आणि अर्थमंत्री पॉल बोमानी म्वान्झाला पडले. आणखी एक मंत्री पडला, काही उपमंत्री आणि बरेच जुने खासदार गेले. उलट दारमध्ये डेरेक ब्राइसन हा गोरा शेतकरी आणि मोरोगोरोत अमीर जमाल हे गुजराती वंशाचे मंत्री भरघोस मतांनी आले. (अवांतर: हेच ब्राइसन पुढे चिंपांझीवाल्या जेन गुडॉल यांचे पती झाले.)

आपण शाळेत ‘एकपक्षीय = हुकूमशाही’ असं नागरिकशास्त्रात दोन मार्कांना लिहून मोकळे झालो. पण एकपक्षीय देशात चालू अर्थमंत्री पडतो हे कसं बसवायचं? जाणकारांनी भर घालावी.

माणदेशी

धागा झकास. तुम्ही झाडाखालची गोष्ट काढलीत आणि मला आमच्याकडची आठवली. आटपाडी म्हणजे जुनं औंध संस्थान. एकूण ७२ गावं, लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. नोव्हेंबर १९३८ मध्ये राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी जाहीर केलं की राज्य प्रजेच्या हवाली करतो, आणि जानेवारी १९३९ मध्ये घटना झाली. राजानं आपणहून सत्ता सोडायची म्हणजे तेव्हा बाकी संस्थानिकांच्या पोटात गोळाच आला असणार. मसुद्यामागं गांधीजी, मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश इंजिनियर आणि राजपुत्र अप्पासाहेब.

रचना खालून वर. गावानं पाच पंच निवडायचे, पंचांनी आपला प्रमुख. असे प्रमुख मिळून तालुक्याची समिती, आणि तालुक्यातून वर विधिमंडळ. पक्ष कुठंच नाही. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि प्रयोग संपला.

आता खरी मजा. हेच अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून गेले कुठं? नैरोबीला! सगळा पूर्व आफ्रिका त्यांच्याकडं. माउ माउ बंडाच्या काळात केनियातल्या आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांची इतकी जवळीक की गोऱ्या वसाहतवाल्यांनी आरडाओरडा केला आणि १९५४ मध्ये त्यांना तिथनं हलवावं लागलं. औंधाची पंचायत त्यांनी तिथल्या कुणाला सांगितली असेल का? मला कायम वाटत आलंय की सांगितली असणार.

चहाबाज

वाचतोय. बुकमार्क केलाय.

नाना_कुंडलकर

लेख चांगला पण फार गोड झालाय. पित्त होईल.

न्येरेरे साधा, स्वच्छ माणूस होता हे मान्य. पण त्या झाडामागे पोलीस उभा होता तो लेखात कुठे आहे? १९६२ मध्येच विनाचौकशी अटकेचा कायदा झाला होता. कामगार संघटना पक्षाने गिळल्या. १९६८ मध्ये संसदेत जास्त तोंड उघडणाऱ्या काही खासदारांना पक्षातून काढलं. पक्ष एकच, त्यामुळे पक्ष गेला की खासदारकीही गेली. मतदारांनी निवडलेला माणूस मतदारांना न विचारता घरी!

आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये हुकूम निघाला की १९७६ पर्यंत सगळ्यांनी ‘उजामा’ (सामुदायिक) गावांत राहायला जायचं. लाखो लोकांना विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घ्यायला लावलं, काही ठिकाणी जुनी घरं पाडून. त्याच काळात १९७५ची निवडणूक आली. त्यातही खासदार पडले असतील, पण ‘आम्हाला आमच्या वाडीतच राहू द्या’ असं चिन्ह चिठ्ठीवर होतं का? कुदळ होती, घर होतं. घराला मत देऊन घर वाचलं नाही.

एवढं तत्त्वज्ञान कशाला? आपल्याला १९५२ मध्ये जमलं, त्यांना जमलं नाही. विषय संपला.

सुमेधा_क

नाना, शेवटच्या दोन वाक्यांशी असहमत, पण त्याआधीचं सगळं १००% मान्य. तुमचं ‘घराला मत देऊन घर वाचलं नाही’ हे मी उसनं घेतेय. टांझानियाच्या मतदाराला माणूस पाडता येत होता, धोरण पाडता येत नव्हतं. धागालेखकाच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच. बोमानींना घरी बसवलं म्हणून अर्थखात्याचं काही बदललं का?

मला जास्त खटकतं ते झाड. ‘वडीलधारे एकमत होईपर्यंत बोलायचे’ हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारते, झाडाखाली बसायला परवानगी कोणाला होती? बायकांना? बाहेरून येऊन वसलेल्यांना? दुसऱ्याच्या गुरांमागे जाणाऱ्याला?

हा वाद आपल्याकडे घटना समितीत झालाच आहे. गांधीवादी मंडळींना गावपंचायत हा पाया हवा होता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं, असं सांगून ती कल्पना उडवून लावली. घटक धरला तो गाव नाही, व्यक्ती. गंमत अशी की वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९४९ ला, तेच सांगतात की संसदीय पद्धत आपल्याला नवी नाही. बौद्ध भिक्षुसंघात ठराव, गणसंख्या, मतमोजणी, शलाका (मतदानाच्या काड्या) वापरून गुप्त मतदान, सगळं होतं. म्हणजे परंपरेला विरोध नव्हता. कुठली परंपरा उचलायची, हा प्रश्न होता. न्येरेरेंनी झाड उचललं, बाबासाहेबांनी शलाका.

आणि एकमताचं म्हणाल तर आपल्याकडचा ‘बिनविरोध’ आठवा. गाव बिनविरोध झालं की पेढे वाटतात, कमान उभारतात. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक रद्द करावी लागली, कारण पदांचा लिलाव झाला होता. तेही ‘गावाचं एकमत’च होतं की.

माणदेशी

@सुमेधा_क, औंधाच्या बाबतीत पण हाच प्रश्न विचारायला पाहिजे, मान्य. कागदावर गावाला मत होतं. प्रत्यक्षात वेशीबाहेरचं माणूस पंचाला उलट बोलत होतं का, हे आजीला विचारायला पाहिजे होतं. ती गेली २००३ मध्ये. तेव्हा मला क्रिकेट सोडून काही सुचत नव्हतं.

गोंयकार

देव बरें करूं. ‘कुदळ की घर’ वाचल्यावर आम्हा गोवेकरांना ‘फूल की दोन पानं’ आठवलं नाही तरच नवल.

१६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. आमच्या घरात आजोबा फुलाचे, आजी पानांची. त्या रात्री जेवणं वेगवेगळ्या खोल्यांत झाली अशी आख्यायिका आहे.

पण सुमेधाताईंचा मुद्दा इथेही लागू पडतो. चिठ्ठीवर दोनच चिन्हं होती. ‘स्वतंत्र राज्य’ हे तिसरं चिन्ह दिल्लीने ठेवलंच नव्हतं. पानांना मत देणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात राज्यच होतं, ते मिळालं ३० मे १९८७ ला. वीस वर्षं लागली. तरी मी म्हणेन, पोर्तुगीज असताना आम्हाला कोणी काही विचारतच नव्हतं. दोन चिन्हं मिळाली हीसुद्धा १९६१ नंतरचीच कमाई.

अप्पासाहेबांचा विषय निघालाच आहे तर नैरोबीतले आमचे पियो गामा पिंटो. गोवेकर आईबापांचा मुलगा, धारवाडला शिकला, केनियाच्या लढ्यात ब्रिटिशांच्या कैदेत राहिला, स्वातंत्र्यानंतर खासदार झाला. २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत भरदिवसा गोळ्या घालून मारला. सत्तेत बसलेल्या आपल्याच लोकांना जमिनीबद्दल प्रश्न विचारत होता. तिकडे टांझानियात कुदळ-घर चालू होतं त्याच वर्षी.

नैरोबी_रिटर्न

केनियात १९८६ ते ९१ होते, नवऱ्याची नोकरी. एक-पक्षाचा सगळ्यात भीषण अवतार मी डोळ्यांनी बघितला आहे: म्लोलोंगो. म्हणजे रांग.

१९८८ मध्ये सत्ताधारी कानू पक्षाने प्राथमिक फेरीत गुप्त मतदानच काढून टाकलं. मैदानात उमेदवाराचे फोटो धरून लोक उभे, तुम्हाला ज्याला मत द्यायचं त्याच्यामागे रांगेत जाऊन उभं राहायचं. सत्तर टक्क्यांच्या वर माणसं ज्याच्या रांगेत, तो तिथेच निवडून आला. पुढची गुप्त मतदानाची फेरीच नाही. समर्थन काय दिलं, तर ‘ही आपली आफ्रिकी पद्धत, लपवाछपवी नको’. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई सकाळी गेल्या आणि दुपारी तणतणत आल्या. म्हणाल्या, आमची रांग चर्चला वळसा घालून गेली होती, त्यांची आंब्याच्या झाडापर्यंतही नव्हती, आणि जिंकले ते! फेरमोजणी कशाची करणार? रांग तर घरी गेली.

शिवाय ज्याच्या जमिनीवर खोपटं आहे, त्याच्या डोळ्यादेखत दुसऱ्याच्या रांगेत कोण उभं राहील? चर्चचे लोक याविरुद्ध बोलले, तेव्हा कुठे कुजबुज सुरू झाली. १९९१ च्या डिसेंबरात एक-पक्षाचं कलम गेलं, आम्ही नुकतेच ठाण्याला परत आलो होतो.

शेजारच्या युगांडात मात्र हीच रांग लोकांना आवडायची. १९८६ नंतर राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी गावोगावी परिषदा काढल्या, त्यांची निवड उमेदवारामागे उभं राहून. २०१८ मध्येसुद्धा गावपातळीची निवडणूक तिथे रांगेनेच झाली. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, मोजणी सगळ्यांसमोर. त्याच रांगेने खासदार निवडायला गेलं की दहशत. हे वरचं माझं मत, अभ्यास नाही.

बेरीज_वजाबाकी

नाना म्हणतात ‘आपल्याला १९५२ मध्ये जमलं’. जमलं, पण कसं जमलं ते आकड्यात बघा. काँग्रेसला मतं ४५ टक्के, जागा ४८९ पैकी ३६४. निम्म्याहून जास्त मतदारांनी काँग्रेसला मत दिलं नव्हतं आणि तीन चतुर्थांश जागा तिच्याकडे गेल्या. आपण ते पचवलं, कारण हरलेले पक्ष देशभर विखुरलेले होते आणि पुढच्या वेळी बघू म्हणायला तयार होते.

तेच गणित टांगानिकाशेजारच्या झांझिबार बेटांवर काय करून गेलं बघा. जुलै १९६३, स्वातंत्र्याआधीची शेवटची निवडणूक. आफ्रो-शिराझी पक्षाला ५४ टक्के मतं आणि ३१ पैकी १३ जागा. विरोधी आघाडीला कमी मतांत १८. सरकार त्यांचं. डिसेंबरात स्वातंत्र्य मिळालं आणि १२ जानेवारी १९६४ ला क्रांती. हजारो माणसं मारली गेली, त्यात अरब आणि आशियाई खूप. वंशाची आग आधीपासून होतीच, एकट्या मतमोजणीला दोष देता येणार नाही. पण जास्त मतं मिळवून विरोधात बसायला लागलेल्यांना ‘पुढच्या वेळी बघू’ कसं सांगणार? त्याच वर्षी झांझिबार टांगानिकाला जोडलं गेलं आणि देशाचं नाव टांझानिया झालं. न्येरेरेंच्या एक-पक्षाकडे बघताना हे शेजारचं जळतं घर लक्षात ठेवावं लागतं.

जिंकेल त्याला सगळं, ही ब्रिटिश रीत ब्रिटिश गेलेल्या बहुतेक ठिकाणी जशीच्या तशी राहिली. दक्षिण आफ्रिकेने १९९४ मध्ये ती टाकली आणि मतांच्या प्रमाणात जागा देणारी यादीपद्धत घेतली. त्याचा तोटा असा की माझा खासदार कोण हे सांगता येत नाही. एकीकडे झाकावं तर दुसरीकडे उघडं पडतं.

नाना_कुंडलकर

आकडे मान्य. तरी आपला निवडणूक आयोग, आपले अधिकारी हा फरक होताच ना? पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेनांनी साडेसतरा कोटी मतदारांची यादी उभी केली. ज्या बायकांनी नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असं लिहवलं, त्यांची जवळजवळ २८ लाख नावं त्यांनी यादीतून काढायला लावली. पुढच्या वेळी बायका स्वतःच्या नावाने आल्या. याला म्हणतात कणखरपणा.

सुमेधा_क

२८ लाख बायकांचं मत गेलं आणि तुम्ही त्याला कणखरपणा म्हणता :) हलके घ्या. पण दोन्ही खरं आहे खरं तर.

आणि तेच सेन १९५३ मध्ये सुदानला निवडणूक घेऊन द्यायला गेले होते. नीट पार पडली. सुदान १९५६ मध्ये स्वतंत्र झाला आणि नोव्हेंबर १९५८ मध्ये लष्कर आलं. अधिकारी तोच, आयोग तसाच. तेव्हा ‘आपले अधिकारी चांगले’ एवढ्याने भागत नाही.

शेजारी बघायचं तर अयूब खानांची ‘बेसिक डेमोक्रसी’. पाकिस्तानला अजून संसदीय लोकशाही झेपत नाही म्हणून लोकांनी फक्त स्थानिक सभासद निवडायचे, एकूण ८० हजार, आणि राष्ट्राध्यक्ष त्या ८० हजारांनी निवडायचा. जानेवारी १९६५ मध्ये फातिमा जिना उभ्या राहिल्या, सभांना तुफान गर्दी, पण मत होतं त्या ८० हजारांना. हरल्या. म्हणजे कागदावर औंधासारखीच खालून वर जाणारी रचना. औंधात राजा सत्ता सोडत होता, इथे सेनापती धरून बसला होता.

चहाबाज

सगळे एवढे गंभीर झालात म्हणून थोडं हलकं. गांबियात मतपत्रिकाच नसते, गोट्या असतात! प्रत्येक उमेदवाराचं रंगवलेलं पिंप, त्याला नळी. आत जायचं, आपल्या माणसाच्या पिंपात गोटी टाकायची, आतली घंटी टण् वाजते. दोनदा वाजली तर बाहेरचा अधिकारी पकडणार. आणि घोटाळा नको म्हणून मतदान केंद्राजवळ घंटीवाल्या सायकलींना बंदी. साक्षरतेचा प्रश्नच मिटला. २०१६ मध्ये याच गोट्यांनी २२ वर्षं सत्तेत असलेल्या याह्या जामेहला पाडलं.

गोंयकार

टण्! हे भारी आहे.

माणदेशी

झाडाखालचे वडीलधारे आणि मतपेटी दोन्ही एकत्र ठेवलेलं एक उदाहरण सोमालियाचं आहे. तिथं वडीलधाऱ्यांचं वरिष्ठ सभागृहच आहे म्हणे, ‘गुर्ती’.

दार_मुक्काम

@माणदेशी, सोमालिया नाही, सोमालीलँड. १९९१ मध्ये वेगळं झालेलं. १९९३ मध्ये बोरामा गावात टोळ्यांच्या वडीलधाऱ्यांनी महिनोन्‌महिने बसून शस्त्रं खाली ठेवायला लावली, त्यातून गुर्ती आलं. २००३ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या मोजणीत फरक होता फक्त ८० मतांचा! हरलेले सिलान्यो न्यायालयात गेले, तिथेही हरले, आणि बंदुका बाहेर न काढता गप्प बसले. २०१० मध्ये तेच निवडून आले. इथपर्यंत न्येरेरे खूश झाले असते. पण गुर्तीची स्वतःची निवडणूक काही होत नाही, मुदत संपली की मुदतवाढ. झाड एकदा सरकारी झालं की त्याच्या सावलीतून कोण उठणार?

नानांच्या पित्तावर उतारा म्हणून टांझानियाचा पुढचा भाग सांगतो. १९९० मध्ये न्येरेरेंनीच म्हणायला सुरुवात केली की एक पक्ष ही काही देववाणी नव्हे. १९९१ मध्ये सरन्यायाधीश फ्रान्सिस न्यालालींचा आयोग नेमला. देशभर फिरून लोकांना विचारलं, एक पक्ष की अनेक? जवळजवळ ऐंशी टक्के लोक म्हणाले, एकच राहू द्या! आणि आयोगाने शिफारस केली अनेक पक्षांची. १९९२ मध्ये तसा कायदा झाला. म्हणजे बहुपक्षीय लोकशाही आली ती बहुमत डावलून. आयोगाचं म्हणणं होतं की वीस टक्के हीसुद्धा लहान संख्या नाही, आणि एक पक्ष हवा म्हणणाऱ्यांनीसुद्धा त्या पक्षाबद्दल तक्रारींचा पाढा वाचला होता. मला हा युक्तिवाद पटतो, आणि तरी पोटात कुठेतरी टोचतो.

सुमेधा_क

हे मला माहीत नव्हतं. आणि हे टोचायलाच हवं. वीस टक्क्यांना पक्ष काढायचा हक्क आहे की नाही, हे ऐंशी टक्क्यांना विचारायचंच कशाला?

नाना_कुंडलकर

मग २०२५ मध्ये काय झालं तेही लिहा. टाळू नका.

दार_मुक्काम

टाळत नाही, इथे राहतो म्हणून जपून लिहितो. २९ ऑक्टोबर २०२५. कागदावर डझनभराहून जास्त पक्ष. मुख्य विरोधी पक्ष शर्यतीतून बाद, त्याचे नेते टुंडू लिस्सू राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात. अधिकृत निकालात सत्तेतल्या राष्ट्राध्यक्षांना जवळजवळ ९८ टक्के मतं. त्या दिवसांत रस्त्यावर माणसं मेली. नेट बंद, संध्याकाळनंतर संचारबंदी. आम्ही बाल्कनीचा दिवा मालवून बसायचो आणि घरी पुण्याला फोन लागायचा तेव्हा ‘पाऊस आहे जरा’ एवढंच सांगायचो.

१९६५ मध्ये एक पक्ष होता आणि अर्थमंत्री पडला. २०२५ मध्ये इतके पक्ष, आणि ९८ टक्के. मी धागा काढला तेव्हा हे दोन आकडे डोक्यात होते, पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं धाडस झालं नाही.

नैरोबी_रिटर्न

जपा. आणि म्हाताऱ्या मास्तरांना परत भेटलात तर आयोगाबद्दल विचारा ना, ऐंशीतले की वीसातले?

दार_मुक्काम

विचारलं. काल मोरोगोरोला गेलो होतो. या वेळी ट्रक वेळेवर होता, मीच लवकर गेलो.

आयोग त्यांच्या तालुक्यात आला होता. शाळेच्या पटांगणात सभा भरली, बाकं यांच्याच वर्गातून बाहेर काढली होती. मास्तर म्हणून यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि बोलायला उभंही केलं. मी म्हटलं, मग काय सांगितलंत?

“पक्ष एकच राहू दे, पण उमेदवार तीन करा.”

तीन का, म्हटलं. तर म्हणाले, “दोन त्यांनी निवडायचे आणि एक आम्ही गावाने.”

लिहून घेतलं का कोणी? तर हो, एका तरुण मुलीने वहीत लिहून घेतलं. पण अहवालात एकतर रकाना ‘एक पक्ष’चा होता नाहीतर ‘अनेक’चा. हे कोणत्या रकान्यात गेले ते त्यांना अजून माहीत नाही.

माणदेशी

तिसऱ्याला चिन्ह काय दिलं असतं, विचारायचं राहिलं बघा.

दार_मुक्काम

तेही विचारलं होतं. हसले आणि कपातला चहा दाखवला.